तीन फेराऱ्यांची सरासरी

ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या माणसाच्या खिशात कित्येक दशकं एक चिमुकली पुस्तिका असायची: ग्लासेस गाइड. विल्यम ग्लास यांनी ती 1933 साली सुरू केली. दर महिन्याला नवी आवृत्ती निघायची आणि ती धंद्यातल्या वर्गणीदारांनाच मिळायची. गाडी विकायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर ती उघडायची खरी, पण पान त्याला दिसणार नाही अशा बेतानं. पानावर बारीक टायपात मॉडेलचं नाव, नोंदणीचं साल आणि पुढे आकडे: व्यापाऱ्यानं गाडी केवढ्याला घ्यावी आणि केवढ्याला विकावी. या दोन आकड्यांमधल्या फरकात त्याचा सगळा प्रपंच बसायचा. 1979 मध्ये तिला कॅप नावाचा तगडा प्रतिस्पर्धी मिळाला. त्यांचं ‘ब्लॅक बुक’ लिलावात प्रत्यक्ष मिळालेल्या भावांवर बेतलेलं होतं. अमेरिकेत हाच उद्योग लॉस एंजेलिसच्या लेस केली यांनी 1926 पासून ‘ब्लू बुक’ काढून चालवला होता. आता पुस्तिकांचे दिवस गेले. नोंदणी क्रमांक टाकला की फोनवर भाव येतो आणि कॅपचे आकडे महिन्याला नाही, रोज बदलतात.

फोर्ड फिएस्टा घेऊन तुम्ही दुकानात गेलात तर व्यापारी हा आकडा बघतो आणि त्याच्या आसपासच बोलतो. फेरारी घेऊन गेलात तर तोच व्यापारी आकडा बघतो, मान हलवतो आणि दुसऱ्याच कुणाला तरी फोन लावतो. ज्याचं पोट या पुस्तकावर चाललंय तोच ते बाजूला का सारतो, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी फिएस्टाचं पाहू. 2014 या एका वर्षात ब्रिटनमध्ये 1,30,000 हून अधिक नव्या फिएस्टा विकल्या गेल्या. तीन-चार वर्षांनी अशा गाड्या कर्ज फिटल्यावर, करार संपल्यावर, कंपन्यांच्या ताफ्यांतून मोकळ्या झाल्यावर परत बाजारात येतात आणि बीसीए, मॅनहाइम यांसारख्या लिलावगृहांच्या आवारांत रांगेनं उभ्या राहतात. इंजिन तेच, आतली सजावट तीच, रंगही चार-पाचच. भाव काढणाऱ्या संपादकाला आणखी काय हवं? ढीगभर व्यवहार, सगळे एकसारखे, सगळे ताजे. एखाद्या गाडीला कुणी डोळे मिटून जास्त पैसे मोजले किंवा एखादी मातीमोल गेली, तरी सरासरीला ढिम्म फरक पडत नाही. गाडीच्या अवस्थेनुसार कॅप ‘क्लीन’, ‘ॲव्हरेज’ आणि ‘बिलो’ असे तीन दर देतं. गाडी नेहमीपेक्षा जास्त मैल पळाली असेल तर किती वजा करायचे आणि कमी पळाली असेल तर किती मिळवायचे, याचा हिशेब वेगळा.

शिवाय हा भाव स्वतःच स्वतःला खरा करत जातो. लिलावात बोली लावणाऱ्याच्या हातात कॅप. विकणाऱ्या कंपनीनं राखीव किंमत ठरवली ती कॅप बघूनच. कर्ज देणारी संस्थाही पुस्तकातल्या भावाच्या अमुक टक्के इतकंच कर्ज देते. सगळे एकाच आकड्याभोवती घासाघीस करतात, म्हणून सौदा त्या आकड्याजवळ ठरतो, आणि तोच सौदा उद्याच्या आकड्यात जमा होतो. अमकी ‘कॅप क्लीन’ला उचलली, तमकी पुस्तकाच्या पाचशे खाली मिळाली, ही तिथल्या धंद्याची रोजची बोली आहे.

आता फेरारीकडे या. 2024 साली कंपनीनं साऱ्या जगात मिळून 13,752 गाड्या दिल्या. हा कंपनीच्या इतिहासातल्या मोठ्या आकड्यांपैकी एक. पूर्वी तर याच्या कितीतरी कमी बनत. त्यातल्या ब्रिटनला गेलेल्या किती, त्यातलं एक मॉडेल धरलं तर किती, त्या मॉडेलचं एक साल धरलं तर किती, आणि त्यातल्या या महिन्यात विकायला निघालेल्या किती? शेवटी मोजायला हाताची बोटं पुरतात. बरं, या गाड्या फिएस्टांच्या रांगेत उभ्या राहत नाहीत. त्या एका खास व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे परस्पर जातात, ओळखीतल्या ओळखीत विकल्या जातात, नाहीतर बॉनहॅम्स, आरएम सदबीज अशा बड्या लिलावांत जातात. पहिल्या दोन प्रकारांतला भाव दोघांनाच ठाऊक असतो. तिसऱ्यात तो जाहीर होतो, पण त्यात खरेदीदाराकडून लिलावगृहानं वर घेतलेलं कमिशनही मिळवलेलं असतं. म्हणजे विकणाऱ्याच्या हातात पडलेली रक्कम आणि वर्तमानपत्रात छापून आलेली रक्कम यांत बरंच अंतर असतं.

थोडं गणित करू. समजा एका मॉडेलच्या तीनच गाड्या सहा महिन्यांत विकल्या गेल्या: एक 90,000 पौंडांना, एक 95,000 ला आणि एक 1,30,000 ला. सरासरी निघते 1,05,000. हा आकडा पुस्तकात शिरला की दिसायला अगदी भारदस्त दिसतो, पण 1,05,000 पौंडांना एकही गाडी विकली गेलेली नाही. पहिल्या दोन गाड्यांच्या मालकाला वाटतं आपण लुबाडले गेलो, तिसरीच्या खरेदीदाराला वाटतं आपण मूर्ख ठरलो, आणि खरं तर तिघांचेही सौदे चोख असू शकतात. पुढच्या सहामाहीत तिसरीसारखी गाडी बाजारात आलीच नाही, तर सरासरी एकदम 92,500 वर येईल. बाजार पडला म्हणून बातम्या येतील. पडलेलं काहीच नसेल.

मुंबई-पुण्यात घर घेतलेल्या माणसाला हे रेडी रेकनरवरून चटकन कळेल. एका विभागाला एक दर, मग फ्लॅट समुद्राकडे तोंड केलेला असो की मागच्या गल्लीतल्या गटाराकडे. मुद्रांक शुल्क भरायला तो दर उत्तम; त्या दरानं फ्लॅट मागायला गेलात तर मालक दारातूनच परत पाठवेल. फरक एवढाच की रेडी रेकनर सरकारी असल्यामुळे त्यावर कुणी फारसा विश्वास ठेवत नाही. छापील पुस्तकातल्या भावावर मात्र लोक ठेवतात.

एकच गाडी जवळून पाहिली तर ही तीन भावांची भानगड नेमकी कुठून येते ते दिसतं. फेरारी 360 मोडेना घेऊ. 1999 साली ती आली, 2005 पर्यंत बनली. पूर्ण ॲल्युमिनियमचा सांगाडा, सीटमागे 3.6 लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, सुमारे 400 अश्वशक्ती. फेरारीच्या हिशेबात ही भरपूर बनलेली गाडी, म्हणजे पुस्तकाला त्यातल्या त्यात सोयीची.

या गाडीत गिअरचे दोन प्रकार होते. एक साधा: पायाशी क्लच, हाताशी गिअरचा दांडा आणि त्याच्या खाली चकचकीत धातूची खाचा पाडलेली पट्टी. दुसरा ‘एफ-1’: क्लचचं पॅडल नाही, स्टिअरिंगमागे दोन पाती, बाकीचं काम हायड्रॉलिक पंप आणि संगणक करणार. नवी गाडी घेताना एफ-1 साठी जादा पैसे मोजावे लागत आणि बहुतेकांनी ते आनंदानं मोजले. शर्यतीच्या मैदानावरचं तंत्र आपल्या हाताखाली येतंय म्हटल्यावर कोण मागे राहील? पुढे तंत्र झपाट्यानं सुधारलं. दुहेरी क्लचचे गिअरबॉक्स आले आणि 360 ची पाती त्यांच्यापुढे धक्के देणारी, जुनाट वाटायला लागली. उलट फेरारीनं दांड्याचा गिअर बंदच करून टाकल्यावर ती चकचकीत पट्टी दुर्मीळ झाली. आज दांड्याची 360 एफ-1 पेक्षा स्पष्टपणे महाग जाते. ज्या गोष्टीसाठी पहिल्या मालकानं जादा मोजले, तीच आज किंमत उतरवते. घसाऱ्याचं कुठलंही कोष्टक असा उलटा हिशेब आधीच मांडू शकलं नसतं.

पुस्तकात या दोन प्रकारांना वेगवेगळ्या ओळी मिळाल्या तरी प्रश्न संपत नाही. दोन एफ-1 गाड्या शेजारी उभ्या करा. दोन्ही 2001 च्या, दोन्ही लाल, दोन्ही 30,000 मैल चाललेल्या. जाणकार मेकॅनिक आपला संगणक गाडीला जोडतो आणि क्लच किती टक्के झिजलाय ते वाचतो. एकीचा थोडका झिजलाय. दुसरीचा मालक लंडनच्या गर्दीत रोज ऑफिसला जायचा आणि चढावर गाडी मागे घ्यायचा, तिचा क्लच शेवटच्या घटका मोजतोय. बदलायचा खर्च काही हजार पौंड. मग टायमिंग बेल्ट. तो रबराचा; गाडी उभी राहिली तरी वय होतं म्हणून ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, आणि तुटला तर इंजिनाचं वाटोळं. आधीच्या 355 मॉडेलमध्ये या कामासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागायचं. 360 मध्ये सीटमागचं झाकण काढून हात घालता येतो, म्हणून तिची देखभाल जरा स्वस्त. मग आतली बटणं. त्या काळातल्या फेरारीच्या प्लास्टिकवरचा मऊ मुलामा काही वर्षांनी चिकट होतो. बोट लावलं की गुळाच्या ढेपेला लावल्यासारखं वाटतं. बटणं काढून, साफ करून, परत रंगवून घेतली आहेत का? चामडी पाकिटातलं सर्व्हिस बुक पूर्ण शिक्क्यांसह आहे का? मूळ हत्यारांचा संच, गाडीचं आवरण, बॅटरीचा चार्जर, चाव्यांचा पूर्ण संच? एकेक वस्तू क्षुल्लक, पण सगळ्या मिळून दोन लाल गाड्यांमध्ये दहा-पंधरा हजार पौंडांचा फरक सहज पाडतात. पुस्तकात दोघींची ओळ एकच.

मैलांचा हिशेबही इथे वाकडा चालतो. फिएस्टाला दर हजार मैलांमागे ठरावीक वजावट करून भागतं. फेरारीत 3,000 मैलांची गाडी संग्राहकाची, 15,000 ची रविवारच्या फेरफटक्याची आणि 50,000 ची ‘चालवायची’ गाडी. या तीन वेगळ्या बाजारपेठा आहेत. एका उतरत्या रेषेवरचे तीन बिंदू नव्हेत. त्यात आणखी गोम अशी की फारच कमी चाललेली गाडी मेकॅनिकला आवडत नाही. तिचे सील सुकलेले असतात, टायर कडक झालेले असतात, पेट्रोलच्या नळ्या म्हाताऱ्या झालेल्या असतात. संग्राहक तिच्यासाठी जास्त मोजतो आणि घरी नेल्यावर मेकॅनिकलाही जास्त मोजतो.

म्हणूनच तो दुसरा फोन. मर्सिडीज किंवा पोर्शेच्या शोरूममध्ये कुणी फेरारी देऊन नवी गाडी घ्यायला आला, की विक्रेता त्या दिवसाचा पुस्तकी आकडा नोंदवून ठेवतो, आणि मग फक्त फेरारीच घेणाऱ्या-विकणाऱ्या दोघा-तिघांना फोन करतो. रंग, साल, मैल, शिक्के, गिअर सांगतो, फोटो पाठवतो. पलीकडचा माणूस विचारतो, बेल्ट कधी बदलला? टायर कुठल्या सालचे? काच मूळची आहे का? मग एक आकडा सांगतो: या पैशाला उद्या मी उचलतो, गाडी सांगितल्यासारखी निघाली तर. शोरूमवाला त्यातून आपला नफा वजा करून गिऱ्हाइकाला भाव सांगतो. अमुक माणूस अमुक पैसे आज देतोय, हीच त्या घडीची किंमत. त्या फेरारीवाल्याच्या डोक्यात गेल्या दोन वर्षांतल्या चाळीस-पन्नास गाड्या चेहऱ्यानिशी बसलेल्या असतात, कुठली कुणाकडे गेली, किती दिवस पडून होती, यासकट. पुस्तकाचे संपादक अशाच लोकांशी बोलून आपली ओळ भरतात. म्हणजे पुस्तक म्हणजे त्या माणसाचं मत, थोडं शिळं आणि बरंच गुळगुळीत करून.

जाहिरातींतले आकडे बघून भाव ठरवणाऱ्यांची गत तर याहून वाईट. महागड्या गाड्यांच्या दुकानातल्या कित्येक गाड्या दुकानदाराच्या नसतातच. मालकानं गाडी तिथे विक्रीसाठी ठेवलेली असते. विकली गेली तर कमिशन, नाही तर गाडी परत घरी. दुकानदाराचा पैसा अडकलेला नसल्यामुळे मालकाला हवा तो आकडा लावायला त्याचं काय जातं? अशी गाडी आठ-आठ महिने तिथेच उभी असते आणि तिचा आकडा बघून गावातला दुसरा मालक आपलाही आकडा ठरवतो. या दोघांच्या इच्छांची सरासरी काढली तर तिला बाजारभाव म्हणायचं का? मी म्हणणार नाही.

भाव चढत असताना पुस्तक मागे पडतं हे सगळेच सांगतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पडत्या काळात त्याचं काय होतं. सर्वसाधारण गाड्यांचा बाजार पडला की भाव उतरतात. गाड्या विकल्या जातच राहतात, कारण फिएस्टावाल्याला पैशाची गरज असते. दुर्मीळ गाड्यांचा बाजार पडला की आधी व्यवहार थांबतात. मालक श्रीमंत असतो; तो म्हणतो, या भावात नाही विकत, राहू दे गॅरेजमध्ये. महिनोन् महिने एकही सौदा नाही, म्हणून पुस्तकाकडे पुरावा नाही, म्हणून जुना आकडा तसाच. मग कुणाचा तरी धंदा बुडतो किंवा घटस्फोट होतो, एक गाडी पडेल भावात जाते आणि आकडा एका उडीत खाली येतो. त्याआधीचे सगळे महिने पुस्तकात भाव होता, बाजारात नव्हता.

1988 ते 1992 या काळात हे फार ठळकपणे घडलं. 14 ऑगस्ट 1988 ला एन्झो फेरारी वारले. त्यांच्या हयातीत आलेलं शेवटचं मॉडेल म्हणजे एफ-40. ब्रिटनमधली तिची किंमत दोन लाख पौंडांच्या थोडी आत, पण रांगेत नंबर लावलेल्यांनी ती कित्येक पटींना पुढे विकली. त्याच वर्षी जॅग्वारनं बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात एक्सजे-220 मांडली आणि पुढे 50,000 पौंड बयाणा घेऊन नोंदणी सुरू केली. नोंदणी करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना गाडी चालवायची नव्हतीच, हातात येताच विकायची होती. मग ब्रिटनमधले व्याजदर 15 टक्क्यांपर्यंत चढले, जपानचा फुगा फुटला आणि सट्टेबाज एका रात्रीत गायब झाले. गाडी 1992 मध्ये तयार झाली तेव्हा किंमत वाढलेली, बारा सिलिंडरऐवजी सहा सिलिंडरचं इंजिन आणि घेणारा कुणी नाही. बयाणा दिलेल्यांनी करार मोडायला कोर्टाची पायरी चढली. जेमतेम 280 गाड्या बनल्या आणि पुढची कित्येक वर्षं त्या मूळ किमतीच्या पुष्कळ खाली विकल्या गेल्या.

एकाच कारखान्याच्या एका निर्णयानं भाव कसा हलतो हे पोर्शेच्या 911-आर या गाडीनं दाखवलं. 2016 साली पोर्शेनं तिच्या 991 गाड्या काढल्या. वैशिष्ट्य काय, तर जीटी-3 आरएसचं तगडं इंजिन आणि दांड्याचा गिअर, जो तेव्हाच्या जीटी-3 मध्ये मिळत नव्हता. ब्रिटनमध्ये तिची किंमत सुमारे 1,37,000 पौंड होती. थोड्याच दिवसांत तिच्या तिप्पट-चौपट आकडे मागितले जाऊ लागले. 2017 मध्ये पोर्शेनं पुन्हा जीटी-3 मध्ये दांड्याचा गिअर दिला आणि मागचा पंखा नसलेली टूरिंग आवृत्तीही काढली. तेच सुख, यादीतल्या किमतीत, आणि आकड्यांची मर्यादा नाही. 911-आरच्या भावातली हवा गेली. गाडी होती तशीच होती, एक मैलही पुढे गेली नव्हती.

एवढं वाचून पुस्तकं निरुपयोगी आहेत असं कुणी समजेल तर तेही चुकेल. ज्या महागड्या गाड्या संख्येनं बऱ्यापैकी बनतात आणि दर वर्षी निमूट उतरत जातात, तिथे पुस्तक चांगलं चालतं. ऑडी आर-8, बेंटली कॉन्टिनेंटल, पोर्शे 911 टर्बो. मॅक्लारेनची 12-सी 2011 मध्ये 1,68,500 पौंडांना आली. तीनच वर्षांनी कंपनीनं तिच्या जागी 650-एस आणली आणि जुन्या मालकांच्या डोळ्यांदेखत भाव घसरत गेला. या घसरणीला पुस्तकानं बऱ्यापैकी साथ दिली, कारण गाड्या खरोखर विकल्या जात होत्या. मजेची गोष्ट म्हणजे सुपरकार घेणाऱ्याला पुस्तक नेमकं तेव्हाच बरोबर सापडतं जेव्हा त्याचे पैसे बुडत असतात.

अमेरिकेतल्या हॅगर्टी या विमा कंपनीनं वेगळी वाट धरली. तिच्या भावपुस्तकात एकाच गाडीला अवस्थेप्रमाणे चार दर असतात, प्रदर्शनात मिरवण्याजोग्या गाडीपासून जेमतेम धड असलेल्या गाडीपर्यंत, आणि पहिल्या-चौथ्यातलं अंतर कित्येकदा दुपटीहून जास्त निघतं. हा मला जास्त प्रामाणिक प्रकार वाटतो. एका आकड्याचा रुबाब त्याला नाही, पण गाडी आधी बघा मग भाव विचारा, हे तो न बोलता सांगतो.

भावपुस्तकाचा खरा कस लागतो तो विम्याच्या टेबलावर. ब्रिटनमध्ये साध्या पॉलिसीत गाडी पूर्ण गेली तर कंपनी ‘बाजारभाव’ देते. वाद झाला आणि प्रकरण फायनान्शियल ओम्बुड्समनकडे गेलं तर तिथे मुख्यतः ही व्यापारी पुस्तकंच उघडली जातात, कारण एका माणसाच्या म्हणण्यापेक्षा देशभरातल्या विक्रीवर बेतलेला आकडा बरा, असं मानलं जातं. फिएस्टावाल्याला हा न्याय ठीक. दुर्मीळ गाडीवाल्यानं मात्र ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ची पॉलिसी घ्यावी: गाडीची किंमत आधीच फोटो, कागदपत्रं आणि जाणकाराच्या अहवालावर दोघांनी ठरवायची, पॉलिसीत लिहायची आणि दर वर्षी ती परत तपासायची. हे शेवटचं लोक विसरतात. पाच वर्षांपूर्वी ठरलेला आकडाही मग एक जुनं पुस्तकच होतो.

आकडा खरा किती याची किंमत विनोदी अभिनेता रोवन ॲटकिन्सन यांच्या मॅक्लारेन एफ-1 नं दाखवली. मिस्टर बीन म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते हेच गृहस्थ. एफ-1 एकूण 106 बनल्या, त्यातल्या रस्त्यावर चालवायच्या 64. ॲटकिन्सन यांनी 1997 मध्ये ती 6,40,000 पौंडांना घेतली आणि चक्क चालवली, 41,000 मैल. 2011 मध्ये पीटरबरोजवळ ती घसरून झाडावर आदळली. दुरुस्तीचं बिल झालं 9,10,000 पौंड, म्हणजे खरेदीपेक्षा कितीतरी जास्त, आणि विमा कंपनीनं ते भरलं. खरेदीच्या किमतीतून वर्षाकाठी घसारा वजा करत बसणाऱ्याला हे वेडेपण वाटेल. पण तोवर धड एफ-1 चा भाव दुरुस्तीच्या बिलाच्या कित्येक पट झाला होता, तेव्हा गाडी भंगारात काढणं कंपनीला जास्त महाग पडलं असतं. 2015 मध्ये ॲटकिन्सन यांनी हीच दोनदा ठोकलेली, भरपूर चाललेली गाडी सुमारे 80 लाख पौंडांना विकली. जास्त मैल, अपघात, मालक प्रसिद्ध: पुस्तकात पहिल्या दोन्ही गोष्टींची वजावट आहे, तिसरीचा रकाना नाही.

तिसऱ्या रकान्यावरून आपल्याकडची एक 360 मोडेना आठवणारच. एप्रिल 2002 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिन तेंडुलकरनं 29 वं कसोटी शतक ठोकून ब्रॅडमन यांची बरोबरी केली आणि फियाटकडून त्याला लाल फेरारी मिळाली. मायकेल शूमाकरच्या हातून. आयात शुल्क 120 टक्के, म्हणजे कोटीच्या वर. सरकारनं ते माफ केलं, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी शुल्क फियाटनं भरलं. 2011 मध्ये सचिननं ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. वरचे क्लच, बेल्ट आणि चिकट बटणांचे सगळे प्रश्न त्या गाडीलाही लागू होते, पण घेणाऱ्यानं ते किती बारकाईनं विचारले असतील याबद्दल मला शंका आहे.

भारतात स्विफ्ट-क्रेटासाठी महिंद्रा फर्स्ट चॉइसचं इंडियन ब्लू बुक वगैरे साधनं आहेत. फेरारीवाल्याला मात्र भेटतं ते आयडीव्हीचं कोष्टक, म्हणजे विमा पॉलिसीतली गाडीची घोषित किंमत. शोरूमच्या किमतीतून पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के वजा, वर्षापर्यंत 15, दुसऱ्या वर्षी 20, तिसऱ्या वर्षी 30, चौथ्या वर्षी 40 आणि पाचव्या वर्षी 50. अल्टो असो की अव्हेंटाडोर, जिना तोच. चार कोटींची गाडी पाचव्या वर्षी कागदावर दोन कोटींची. पाच वर्षं उलटली की कोष्टक हात वर करतं आणि किंमत विमा कंपनी व मालक यांनी आपसात ठरवावी असं सांगतं. जिथे खरी गरज सुरू होते तिथेच पुस्तक संपतं, हे मला जरा गमतीचं वाटतं.

त्यातून आपल्याकडचा भाव गाडीइतकाच कागदांवर ठरतो. महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी 20 टक्के रस्ता कर, आणि त्याची कमाल मर्यादा आधी 20 लाख होती ती 1 जुलै 2025 पासून 30 लाख झाली. म्हणून मरीन ड्राइव्हवर रविवारी सकाळी पुदुच्चेरी किंवा झारखंडची पाटी लावलेल्या लॅम्बोर्गिनी दिसतात. अशी गाडी मुंबईतल्या माणसाला विकायची तर ना हरकत प्रमाणपत्र, इथला कर, आरटीओचे हेलपाटे. विकत घेणारा हे सगळं भावातून कापूनच बोलतो. परदेशातून जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, उजव्या बाजूचं स्टिअरिंग हवं आणि उतरवायची मुंबई बंदरातच; म्हणजे लंडनमधली वीस वर्षांची 360 तिथल्या पुस्तकात कितीही स्वस्त दिसली तरी इथल्या भावाला तिचा स्पर्श होत नाही.

आता यात आणखी एक भर पडली आहे. 24 जुलै 2025 ला भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात ब्रिटनमध्ये बनलेल्या गाड्यांवरचं शंभर टक्क्यांहून अधिक असलेलं आयात शुल्क ठरलेल्या कोट्यापुरतं, टप्प्याटप्प्यानं 10 टक्क्यांपर्यंत उतरवायचं आहे. मॅक्लारेन, ॲस्टन मार्टिन, बेंटली, रोल्स-रॉइस या सगळ्या तिकडच्याच. जुनं शुल्क भरून घेतलेली मॅक्लारेन मुंबईत ज्याच्या गॅरेजमध्ये उभी आहे, तो सध्या भावपुस्तकापेक्षा सीमाशुल्काच्या अधिसूचना जास्त लक्षपूर्वक वाचत असणार.